सशाचा वाफा

वारासिवनीच्या एका वाचकभगिनींनी आम्हांस पत्र पाठविले आहे. नातवाने हट्ट धरला म्हणून आठवडी बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी घरी आली. आता अंगणात त्यांच्यासाठी काय लावावे, कोणती फुलझाडे ठेवावी आणि कोणती काढून टाकावी, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "गुरुजी, हे मुके जनावर आपण देऊ ते खाते, म्हणून भीती वाटते." ही भीती आम्हांस फार योग्य वाटली. या सदरात आजवर आम्ही माणसांच्या पोटासाठी परसबागेचा विचार केला. या खेपेस सशाच्या पोटासाठी करू.

प्रथम शब्दाचा थोडा घोळ निस्तरावा लागेल. आमच्या शाळेतली मुले वर्गात 'खरगोश' म्हणतात आणि घरी गेली की 'ससा' म्हणतात. खरगोश हा फारसी शब्द. खर म्हणजे गाढव आणि गोश म्हणजे कान. ससा हा संस्कृत शशाचा वंशज. त्याची आकृती चंद्रबिंबावर दिसली म्हणून चंद्र शशांक झाला. 'ससेहोलपट' हा आपला शब्दही त्याच्याच पळापळीतून आला. (ससेमिऱ्याचा मात्र सशाशी काहीएक संबंध नाही. तो विक्रमराजाच्या कथेतील चार श्लोकांच्या आद्याक्षरांतून निघाला आहे. मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाला एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.) परंतु चंद्रावरचा शश काय किंवा ससेहोलपटीतला ससा काय, तो आपल्या रानातला, मातकट रंगाचा ससा होय. बाजारातला पांढरा ससा त्याचा दूरचा नातलग असला तरी जात निराळी. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळे खणून कळपाने राहणारे. त्याची पिले उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची पिले अंगभर लव आणि उघडे डोळे घेऊनच जगात येतात. एकाची गुणसूत्रे ४४, दुसऱ्याची ४८. दोघांची संतती होत नाही. मराठीने दोघांना एकच नाव दिले, त्यामुळे पुष्कळ गैरसमज झाले.

त्यांपैकी एक आमच्या जिल्ह्यात दरवर्षी दिसतो. धानाची कापणी चालू झाली की बांधीच्या धुऱ्यावर, गवताच्या खळगीत रानसशाचे पिलू एकटे बसलेले मुलांना सापडते. आई दिसत नाही म्हणून मुले ते पोरके समजून घरी आणतात. ते पोरके नसते. रानसशाची मादी पिलांना निरनिराळ्या जागी दडवून ठेवते आणि दिवसातून एकदाच, बहुधा सांज झाल्यावर, पाजायला येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो वन्य प्राणी आहे. त्याला घरी बाळगता येत नाही. ते पिलू जेथे होते तेथेच ठेवावे. पुढचे सारे विवेचन पाळीव सशाविषयी आहे.

आता पोटाची गोष्ट. सशाचे पोट हे गवतासाठी घडलेले यंत्र आहे. त्याचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढत असतात आणि ती वाढ झिजविण्यासाठी त्याला दिवसभर चरबट, रेषेदार चारा कुरतडावा लागतो. आतड्याच्या बाजूला एक मोठी पिशवी असते. तिच्यात असंख्य सूक्ष्म जीव त्या चाऱ्याला आंबवतात. त्यातून तयार झालेल्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा स्वतःच पुन्हा खातो. मुले ते पाहून नाक मुरडतात. पण ती त्याची दुसरी पंगतच असते, तिच्यावाचून त्याचे पोषण पुरे होत नाही. या यंत्राला सतत चालू राहावे लागते. पोळी, भात, मुरमुरे, बिस्किटे असले पिठूळ पदार्थ त्यात गेले की सूक्ष्म जीवांचा समतोल बिघडतो, वायू धरतो आणि आतडे थांबते. आणि सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगे हे, की सशाला ओकारी करता येत नाही. कुत्र्याने किंवा मांजराने नको ते खाल्ले तर ते उलटून टाकते. सशाच्या पोटात जे गेले ते पुढेच जाणार.

गाजराविषयीही येथेच बोलून टाकू. १९४० पासून अमेरिकन व्यंगपटांतल्या बग्ज बनीने गाजर हातात धरले, आणि जगभरच्या बालपुस्तकांत ससा व गाजर हा जोडा कायमचा झाला. प्रत्यक्षात गाजर हे सशाचे पेढे समजावेत. बोटाच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून एकदोनदा, बस्स. गाजराचा पाला मात्र त्याला रोज चालतो, आणि तोच आपण भाजीवाल्याकडे टाकून येतो.

आमच्या मराठी घरांत खरी अडचण निराळीच आहे. इंग्रजीत पाळीव सशांसाठी सुरक्षित वनस्पतींच्या याद्या पुष्कळ मिळतात, पण त्या इंग्लंड-अमेरिकेच्या बागा डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या. आपले अंगण ही मुळात पूजेची बाग. वैनगंगेच्या काठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत पाहा: मध्ये तुळशीवृंदावन, कडेला जास्वंद, फाटकाशी पांढरी किंवा तांबडी कण्हेर, कुंपणाला बिट्टी, मागे उकिरड्याजवळ आपोआप उगवलेली रुई नि धोत्रा, आणि पायाखाली हरळी. देवाला सारे चालते. सशाला यांतले निम्मे अमृत आहे आणि निम्मे विष, आणि दोन्ही एकाच परडीत येतात.

मुलांना लक्षात राहावे म्हणून आम्ही कधीकाळी एक खूण सांगत असू: जे गणपतीचे ते सशाचे, जे शंकराचे आणि मारुतीचे ते सशाचे नव्हे. गणपतीची दूर्वा आणि तांबडी जास्वंद, दोन्ही सशाला उत्तम. शंकराचा धोत्रा आणि कण्हेर, शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडणारी रुईची माळ, ही तिन्ही त्याला वर्ज्य. खूण सुटसुटीत आहे आणि वर्षाचे बहुतेक दिवस ती उपयोगी पडते. पण नेमकी भाद्रपदात ती दगा देते, कारण हरतालिकेला आणि गणेशचतुर्थीला पत्री वाहतात. गणपतीच्या एकवीस पत्रींच्या प्रचलित यादीत दूर्वा आणि तुळस आहेत, तशीच धोत्रा, कण्हेर आणि रुई हीही आहेत. त्याच आठवड्यात महालक्ष्म्या बसतात. घरात निर्माल्याच्या टोपल्या साठतात. नदीत टाकू नये असे आता सर्वांना पटले आहे, उकिरड्यावर टाकवत नाही, आणि मग कोणाच्या तरी मनात येते की देवाचा पाला मुक्या जिवाच्या मुखी गेलेला बरा.

काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत असे झाले. गणपती उठल्यावर घरातल्या लहान मुलीने पत्रीची अख्खी टोपली सशाच्या खुराड्यात रिकामी केली. भावना केवढी शुद्ध! दुपारी ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला, दात खाऊ लागला. सांजेच्या दिवेलागणीला तो गेला. टोपलीत कण्हेरीची पाने अर्धवट कुरतडलेली होती. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा आम्हांला एकच विचारले, "सर, देवाचा पाला वाईट कसा असेल?" पाचवीतल्या मुलीला आम्ही यावर जे सांगितले ते येथे लिहीत नाही, पण हे सदर लिहिताना तो प्रश्न आमच्या डोळ्यांपुढे आहे.

कण्हेरीविषयी म्हणूनच अधिक विस्ताराने सांगतो. तिच्या मुळापासून फुलापर्यंत प्रत्येक अंगात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. वाळलेल्या पानांतही ती टिकून राहतात, त्यामुळे झाडलोटीच्या कचऱ्यातले कण्हेरीचे पानही तितकेच घातक. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिचे बी तर माणसाचाही जीव घेते. महामार्गाच्या दुभाजकांवर कण्हेर लावतात त्याचे एक कारण हेच, की मोकाट गुरे तिला तोंड लावीत नाहीत. यावरून आपले शेतकरी म्हणतात, जनावराला विष कळते. ते खरे आहे, पण आईबरोबर चरून शिकलेल्या जनावरापुरते. सशाच्या पिलालाही कोणता पाला खावा याचे पहिले धडे आईच्या दुधाच्या वासातून आणि बिळातल्या तिच्या लेंड्यांतून मिळतात. जे पिलू कोठल्याशा पिंजऱ्यात जन्मले, महिन्याचे होण्याआधी आईपासून तोडले गेले आणि टोपलीत बसून बाजारात आले, त्याला हे धडे कोणी दिले? भूक लागली की ते पुढ्यात येईल ते चाखते.

धोत्र्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. काही सशांच्या रक्तात ॲट्रोपिन हे धोत्र्यातले विष मोडून टाकणारे एक द्रव्य आनुवंशिकतेने असते. पशुवैद्यांना हे चांगले ठाऊक आहे. ॲट्रोपिनचे औषध म्हणून जे इंजेक्शन देतात ते अशा सशांवर नीट लागू पडत नाही. त्यामुळे एखाद्याच्या घरी सशाने धोत्रा खाल्ला आणि त्याला काही झाले नाही, असे घडू शकते, आणि तो गृहस्थ गावभर सांगत सुटतो. पण हे द्रव्य प्रत्येक सशात नसते, आणि कोणत्यात आहे ते कातडीवरून दिसत नाही. एकाच विताच्या दोन भावंडांत एक वाचेल, दुसरे मरेल. "आमच्या सशाने खाल्ले होते" हा पुरावा म्हणून कधीच धरू नये, तो याच कारणाने.

बाकी वर्ज्य झाडांची नावे भरभर सांगतो. घाणेरी, जी आमच्या रस्त्यांच्या कडेला नि रानाच्या तोंडाशी माजली आहे, ती यकृत बिघडविते. गाजरगवत, एरंड, सदाफुली, पानफुटी, कोरफड, गुलबक्षीचे बी व मूळ, शेवंती, टोमॅटो-बटाट्याचा पाला, कांदा आणि लसूण, यांपासून ससा दूर ठेवावा. अळू आणि मनी प्लांट यांत सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंड व घसा सोलतात. पावसाळ्यात रानातून कळलावीची तांबडी-पिवळी ज्वालेसारखी फुले कोणी हौसेने आणतात. ती तर घरातच आणू नयेत. म्हणून कण्हेर उपटून टाकावी काय, असे वाचकभगिनींनी विचारले आहे. आमच्या मते टाकू नये. देवाला फूल लागते आणि झाडाने कोणाचे काही घेतलेले नाही. ससा मोकळा फिरतो तो भाग आणि कण्हेर यांमध्ये बांबूचा ताटवा घालावा, आणि तिची गळलेली पाने रोज झाडावी. उकिरड्यावरची रुई आणि धोत्रा मात्र आम्ही ठेवणार नाही.

सशासाठी एक स्वतंत्र वाफा करावा, असे आमचे सांगणे आहे. फार मोठा नको. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढी जागा दोन सशांच्या हिरव्या पाल्याची बरीचशी सोय करते. स्वयंपाकघराच्या मागे, सकाळचे ऊन येईल अशी जागा पाहावी. कन्हार माती असेल तर तिच्यात वाळू आणि मुरलेले शेणखत भरपूर घालावे, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतात. नहाणीचे साबणाचे पाणी या वाफ्याला देऊ नये. आणि फवारणीचे कोणतेही औषध येथे येता कामा नये, हा या वाफ्याचा पहिला नियम. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा, अळ्या हाताने वेचाव्या. बाजारच्या भाजीवर काय मारले आहे ते आपल्याला कळत नाही. घरच्या वाफ्याचा खरा लाभ तोच.

वाफ्याची निम्मी जागा हरळीला द्यावी. हरळी म्हणजे दूर्वाच. जी शेतातून खणून खणून आपण हैराण होतो तीच सशाचे मुख्य अन्न आहे. ती लावावी लागत नाही, फक्त राहू द्यावी लागते. कोवळी दूर्वा देवाला खुडावी, जून झालेली कापून सशाला घालावी. सशाच्या आहाराचा फार मोठा भाग, म्हणजे दहांतले आठ घास तरी, ओले किंवा वाळलेले गवत असावे; पाला-फुले ही तोंडीलावणी. अश्विन-कार्तिकात पाऊस ओसरला की गवत कापून सावलीत वाळवून ठेवावे. त्यात कुसळी गवत येऊ देऊ नये. तिची कुसळे धोतराला लागली तर काय होते ते आपण जाणतो. सशाच्या तोंडात ती रुततात आणि जखम चिघळते. बुरशीचा वास येणारे गवत तर फेकूनच द्यावे. ओले गवत ढीग करून ठेवले की आतून तापते, तेही घालू नये. धानाची तणीस आमच्याकडे हवी तेवढी मिळते, पण तिच्यात सत्त्व थोडे. ती अंथरायला घ्यावी, त्यातली थोडी त्याने चघळली तर चघळू द्यावी.

उरलेल्या जागेत पहिला मान सांबाराचा. पुण्या-मुंबईकडचे वाचक सांबार म्हटल्यावर इडलीबरोबरची आमटी समजतील, म्हणून सांगतो, आमच्या वऱ्हाड-झाडीच्या मुलखात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. धणे रगडून त्यांची दोन दोन फाके करावी, रात्रभर भिजवावी आणि बोटभर अंतरावर ओळीत पेरावी. आठ ते पंधरा दिवसांत उगवण दिसते. अश्विनापासून माघापर्यंत दर पंधरवड्याला एक ओळ पेरीत गेले की हिवाळाभर खंड पडत नाही. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर येते, तरी तो फुलोराही ससा खातो. तिच्याच शेजारी शेपू आणि बडीशेप. शेपूचा वास घरातल्या मुलांना सोसत नाही. सशाला तो इतका आवडतो की जुडी आणल्याची वर्दी त्याला आधी लागते. मेथी थोडी, पालक त्याहून थोडा. पालक आणि राजगिरा यांतील आम्ल रोज पोटात गेले तर मूत्रपिंडाला जड जाते. मुळ्याचा पाला चांगला. कोबीची पाने एखाद्या सशाला वायू धरवितात, म्हणून जपून.

पुदिना वाफ्यात लावू नये. तो शेजाऱ्याच्या हद्दीत शिरणाऱ्या भाऊबंदासारखा आहे. मुळाने सरकत सरकत वर्षभरात सारा वाफा आपल्या नावे करतो. जुन्या तेलाच्या डब्याला तळाशी भोके पाडून त्यात बाजारच्या जुडीतल्याच काड्या खोचाव्या, अर्ध्या सावलीत ठेवाव्या, ओल सुटू देऊ नये. तुळस वृंदावनात आहेच. तिची पाच-सात पाने अधूनमधून सशाला द्यायला हरकत नाही, पण वास असलेला पाला चवीपुरताच असतो हे विसरू नये. ओव्याचे पान म्हणून जी मांसल पानांची कुंडी घरोघर असते ती आम्ही सशाला देत नाही. कुत्र्यामांजरांना ती बाधते असे नमूद आहे, तेव्हा उगाच प्रयोग कशाला?

नवा पाला देताना एका वेळी एकच द्यावा, तोही दोन पाने. दुसऱ्या दिवशी लेंड्या पूर्वीसारख्या गोल, कोरड्या आणि भरपूर आहेत ना ते पाहावे, मग प्रमाण वाढवावे. किलोभर वजनाच्या मोठ्या सशाला दिवसाला एक मोठी वाटी दाबून पाला पुरे, आणि त्यात तीन-चार जाती असाव्या. लसूणघास, बरसीम, शेवग्याचा पाला यांत चुना फार असतो. वाढत्या पिलांना तो मानवतो. मोठ्या सशाच्या लघवीत तो चुन्याच्या निवळीसारखा उतरतो आणि पुढे खडे धरतात. आपल्या शरीरात जास्तीचा चुना पोटातूनच अडवला जातो, सशाचे शरीर तो रक्तात घेते आणि मूत्रावाटे टाकते. म्हणून त्याची लघवी पांढुरकी दिसली तर घाबरू नये. घट्ट, वाळूमिश्रित दिसली तर मात्र पशुवैद्याकडे जावे.

फुलांत जास्वंदीसारखे झाड नाही. पावसाळ्याच्या तोंडी पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी तिरपी छाटून लावली की ती धरते. पुढे वर्षभर फूलही मिळते, पानही मिळते. देशी गुलाबाच्या पाकळ्या, पाने, काटे काढलेल्या कोवळ्या फांद्या सारेच चालते. पण रोपवाटिकेतून आणलेल्या गुलाबावर औषध मारलेले असते. त्याची नवी फूट येईपर्यंत ससा त्याच्यापासून लांब ठेवावा. सूर्यफुलाची पाने आणि पाकळ्या द्याव्या, बी तेलकट म्हणून नको. झेंडूविषयी एक खुलासा हवा. इंग्रजी याद्यांत मॅरिगोल्ड हे सशाचे खाद्य म्हणून हमखास असते, पण तेथे अभिप्रेत असते ते कॅलेंड्युला, म्हणजे आमच्याकडे थंडीत कुंड्यांतून लावतात ते नारिंगी फूल. आपला दसऱ्याचा झेंडू निराळा. तो वाफ्याच्या कडेने शोभेला लावावा, सशाला घालू नये. दाराचे तोरण उतरल्यावर त्याच्यापुढे टाकण्याची रीत तर मुळीच नको. बाजारच्या झेंडूवर औषधे असतात, आणि पूजेतल्या फुलांना कुंकू, गुलाल, तेल लागलेले असते. निर्माल्याला खताचा खड्डा हीच योग्य जागा.

जागा असेल तर एक तुतीची फांदी अवश्य खोचावी. तुतीचा पाला हा सशाच्या उत्तम चाऱ्यांपैकी एक आहे, आणि तिच्या काड्या सोलत बसणे हा त्याचा आवडता उद्योग. जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, डहाळ्याही तशाच. दातांना काम मिळते.

आता बालाघाटच्या उन्हाळ्याचा विचार. वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि हवाच तापली की तोही मार्ग बंद होतो. ३० अंशांच्या वर तो कासावीस होऊ लागतो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले खुराडे म्हणजे भट्टी. खुराड्यावर बांबूचा मांडव घालून त्यावर गोकर्ण चढवावी. पावसाळ्यात लावलेला वेल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चांगला भरतो, मात्र त्याला उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. गोकर्णीची पाने आणि निळी फुले चाऱ्यासारखी चालतात, बी व मूळ रेचक आहे म्हणून शेंगा धरताच खुडाव्या. दुपारी सपरीत, ओल्या पोत्याच्या आडोशाला ससा आणावा, आणि गार पाण्याने भरलेला छोटा माठ त्याच्या शेजारी ठेवावा. तो त्याला टेकून झोपतो.

पाण्यावरून आठवले. "सशाला पाणी पाजू नये, पाजले की तो मरतो" असे आमच्या भागात कितीतरी जण ठामपणे सांगतात, विकणारेही सांगतात. ही समजूत कोठून आली असेल ती असो, ती साफ चुकीची आहे. किलोभर वजनाचा ससा दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो, उन्हाळ्यात अधिकच. पाण्यावाचून पोटातला चारा सुकतो आणि आतडे थांबते. मातीच्या जड पसरट भांड्यात, जे तो उलटवू शकणार नाही, स्वच्छ पाणी अष्टौप्रहर असावे. आणि सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळपर्यंत वाट पाहण्यासारखी ती गोष्ट नव्हे. त्याच वेळी पशुचिकित्सालय गाठावे. विषारी पाला खाल्ल्याचा संशय असेल तर त्या झाडाची फांदी बरोबर न्यावी. नुसते "काहीतरी हिरवे होते" यावरून वैद्याला काही करता येत नाही.

हा वाफा मुलांच्या स्वाधीन करावा. धणे रगडण्यापासून पाला मोजून घालण्यापर्यंतचे काम आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सहज झेपते, फक्त वर्ज्य झाडे त्याला प्रत्यक्ष नेऊन, पान हातात न घेता, दाखविली पाहिजेत. सशाच्या कोरड्या लेंड्या गोळा करणे हेही त्याचेच काम. शेणखतासारख्या त्या मुरवाव्या लागत नाहीत; तशाच वाफ्यात पसरून वरून मातीची झिलई दिली तरी रोप जळत नाही. वाचकभगिनींनी या महिन्यात हरळीची जागा आखून घ्यावी, जास्वंदीची फांदी कोणाकडून तरी मागून ठेवावी, आणि सांबाराचे बी घरच्याच डब्यातले घेऊ नये. मसाल्याचे धणे पुष्कळदा जुने असतात आणि उगवत नाहीत. कास्तकाराकडून यंदाचे धणे मूठभर आणावे.